चौथ्या शर्टाची बटणं

चार शर्टांना बटणं किती? शिंपीमामांनी जुन्या कॅल्क्युलेटरवर दाबलं: बाह्यांची दोन अधिक पुढची सहा, गुणिले चार. बत्तीस. तेच भाचीच्या मोबाइलवर दाबलं, तर सव्वीस! मामा चक्रावले.

"दोन्ही यंत्रं शहाणी, मग वेडा मीच का?"

"मामा, आधी गुणाकार करायचा असतो. सव्वीसच!" भाची ठसक्यात म्हणाली.

कॉलेजात जाणाऱ्या भाचीपुढे बोलायची कुणाची टाप? मामांनी मुकाट्याने सव्वीस बटणं आणली. तीन शर्ट झाले. चौथ्याच्या बाह्यांना दोन लागली आणि डबी रिकामी!

भाचीने जीभ चावली. "दोन आणि सहाला कंस घालायचा राहिला, मामा."

"मग आता तोच लाव," मामा खेकसले, "गिऱ्हाइकाच्या छातीवर, बटणांच्या जागी!"