धोपाटण्याचं सुतक

माझं डोकं फिरवायचं असेल तर मला एवढंच सांगा, 'दत्ताराम, आम्ही सगळं स्वच्छ धुतलं.' अठ्ठावन्न सालच्या वैशाखात आमच्या वाडीने मला हे इतक्या वेळा ऐकवलं की अजूनही कानावर पडलं की कपाळाची शीर उठते.

मी तेव्हा आरोग्य खात्यात होतो. पटकीची साथ आली की सायकलला फिनेलचा डबा बांधून गावोगाव फिरायचं, हे माझं काम. त्या वर्षी साथ माझ्याच वाडीत आली. शुक्रवारी गंगाराम मेस्त्रीकडे सत्यनारायण होता आणि देवळाचं मोठं जाजम तिथे अंथरलं होतं. आरतीच्या वेळीच गंगारामला उलट्या-जुलाब सुरू झाले. तो जाजमावरच कोसळला आणि शनिवारी दुपारी गेला.

देवळाचं जाजम धुण्याचा मान मथुराकाकीच्या घराचा. ही माझ्या धाकट्या काकांची विधवा. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. तिच्याकडे पत्र्याचा टब, काथ्याचे दोन ब्रश आणि एक लाकडी धोपाटणं होतं. या सामानाला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. येत्या रविवारी देवळात भिकाजी गुरवाच्या मुलीचं लग्न होतं, म्हणजे शनिवारपर्यंत जाजम तयार हवं होतं.

सोमवारी मी तिच्या अंगणात ठाण मांडलं. जाजम फिनेलमध्ये भिजवून, घासून, उन्हात टाकलं. मग सामानाकडे वळलो. लोक जाजम धुतात आणि ब्रश विसरतात. घाण ब्रशच्या केसांत बसून राहते आणि पुढच्या घरी जाते. हे मी तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं आणि काकी मान डोलवत राहिली. टबात उकळतं पाणी ओतलं, फिनेल घातलं, ब्रश आणि धोपाटणं तासभर त्यात बुडवून ठेवलं, मग सगळं कुंपणावर वाळत घातलं. समाधानाने घरी जाऊन जेवलो.

मंगळवारी सकाळी बघतो तर धोपाटणं ओलं.

"काकी, ह्या ओला कसा झाला?"

"काल सांजेक व्हाळात बुडवन हाडलंय. गंगारामाच्या घरचा सुतक लागला नाय तेका?"

व्हाळात! उन्हाळ्यात आमच्या व्हाळाला वाहतं पाणी नसतं. गुडघाभर पाण्याची एक कोंड तेवढी उरते. गंगारामच्या बायकोने, नर्मदेने, नवऱ्याचे कपडे आणि अंथरूण रविवारी त्याच कोंडीत धुतलं होतं.

"त्या पाण्यात पटकी आसा, काकी! नर्मदेन थंयच कपडे धुतले ना!" मी ओरडलो.

"मेल्या, ओरडतंस कित्याक? तुझ्या औषधान किडे मरतत, सुतक मरत नाय. बुडयल्याशिवाय भिकाजी जाजमाक हात लावचो नाय."

पुन्हा चूल, पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा फिनेल. मग तावातावाने भिकाजीकडे गेलो आणि म्हटलं, तुम्हीच तिला समजवा. गुरव विडी ओढत देवळाच्या पायरीवर बसला होता.

"माझ्या चेडवाचा लगीन आसा," तो म्हणाला. "उद्या काय झाला तर लोक माका इचारतले. बुडवक तुझा काय जाता?"

माझं काय जातं! मी दात खाऊन परत आलो. माझ्या फिनेलने बुडवलेलं फुकट जातं म्हणून काकीने रात्री सामान पुन्हा बुडवलं होतं. बुधवारी ते तिसऱ्यांदा उकळलं आणि दुपारपर्यंत तिथेच राखण करत बसलो. तेवढ्यात खालच्या वाडीत लस टोचायला यायचा निरोप आला. तासाभराने परतलो तर कुंपणावर दोन ब्रश टपटप गळत होते. मी टोपी काढून अंगणात आपटली. काकीने ती उचलली, झटकली, माझ्या हातात दिली आणि त्याच ओल्या हातांनी मला पेज वाढायला घेतली. मी न जेवता उठलो. ती मात्र जेवली.

गुरुवारी सकाळी काकीला सुरू झालं. मालवणहून डॉक्टर आले, पडवीच्या खांबाला सलाइनची बाटली टांगली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला. तिच्या गोधड्या धुवायला कुणी पुढे येईना, तेव्हा तिच्याच टबात, तिच्याच ब्रशने मी त्या धुतल्या. सामान उकळलं, फिनेलमध्ये ठेवलं आणि तिला दिसेल असं पडवीच्या कठड्यावर मांडलं.

ती बराच वेळ त्या धोपाटण्याकडे बघत होती. मग पुटपुटली, "दत्तारामा, बुडयलंस मां?"

तीन दिवस मी तिच्यावर ओरडत होतो. जंतू, कोंड, नर्मदेचे कपडे, सगळं पुन्हा जिभेवर आलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं.

"होय, काकी," मी म्हटलं. "आत्ताच बुडवन हाडलंय."

"बरा झाला," ती म्हणाली. कपाळावरची आठी गेली आणि तिने डोळे मिटले. सामान तिथेच राहिलं. ते व्हाळावर न्यायला कुणी उठलं नाही.

शुक्रवारी सकाळी काकी गेली. आमच्या घरावर सुतक आलं आणि भिकाजीने लग्नासाठी दुसऱ्या गावाहून जाजम आणलं. लोक म्हणाले, दत्तारामाने काकीसाठी जिवाचं रान केलं. मला त्यांचं तोंड बघवेना. मंगळवारीच "दे, मीच बुडवून आणतो" म्हणून सामान उचललं असतं आणि फणसाखाली बसून एक विडी ओढून परत आलो असतो, तर तिचा हात त्या पाण्याला पुन्हा लागला नसता. तिचा माझ्या शब्दावर विश्वास होता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मला तिला वाचवायचं नव्हतंच बहुतेक, मला तिच्याकडून 'तुझा बरोबर' एवढं ऐकायचं होतं.