मागच्या खोलीचा हीटर

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे. त्यामुळे तो म्हणाला हीटर चांगला आहे, की विषय संपला, असा आमच्या घरात शिरस्ता. आमच्या वडिलांचा, अप्पांचा हीटर त्याने आपल्या दुकानात नेऊन तपासला, तिथे तो लालबुंद तापला. अप्पांच्या खोलीतल्या सॉकेटला मीटर लावून पाहिला, दोनशे तीस व्होल्ट चोख. तरी अप्पांचं टुमणं चालूच: हीटर तापत नाही, आणि उशाशी जळका वास येतो. तो वास दुसऱ्या कुणालाच येत नव्हता.

"ताई, त्यांना भास व्हायला लागलेत," तो फोनवर म्हणाला. "मी आणि बायको, दोघंही दिवसभर बाहेर. उद्या डॉक्टरांना दाखवतो, आणि एक वृद्धाश्रमही बघून ठेवलाय. तू ये फक्त."

मी तडक निघाले. वाटेत मनातल्या मनात सगळा राग त्याच्यावर काढला, पण खरं तर मलाही त्याचंच पटत होतं. फोनवर मीसुद्धा अप्पांना म्हणालेच होते की, वास तुम्हाला एकट्यालाच कसा येतो?

अप्पांनी जन्मभर शिंपीकाम केलं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर जिना नको म्हणून त्यांना खाली, मागच्या खोलीत आणलं. तिथे पूर्वी कापडाचे तागे असायचे. धाकट्याने पुढच्या खोलीतून वायर ओढून तिथे सॉकेट बसवलं होतं.

मी गेले तेव्हा अप्पा दोन पांघरुणं घेऊन हीटरला जवळजवळ चिकटून बसले होते.

"आलात मास्तरीणबाई? धरा हात, आणि सांगा हा तापलाय का ते."

मी हात धरला. कोमट. आतली तार जेमतेम तांबूस झाली होती.

एवढ्यात धाकटा आत आला. "झालं पुन्हा सुरू?" म्हणत त्याने आधी हीटरचा प्लग उपटला. काम करण्याआधी प्लग काढायचा, ही त्याची शिकाऊ असल्यापासूनची सवय. मग सॉकेटला मीटर लावून माझ्यापुढे नाचवला. "बघ. दोनशे तीस. आता बोल."

माझं डोकंच फिरलं. मी नववीला विज्ञान शिकवते, आणि ही चूक माझ्या वर्गात कुणी केली असती तर त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

"अरे शहाण्या, तू दर वेळी प्लग काढूनच मोजतोस?"

"मग? शॉक बसून मरू?"

"अप्पांचे गुडघे चालताना दुखतात. त्यांना झोपवून तपासलंस तर ठणठणीतच दिसणार ना! हीटर चालू ठेवून मोज."

तोंड वाकडं करून त्याने प्लग पुन्हा लावला आणि त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटात मीटरच्या पिना घातल्या. आकडा घसरत घसरत एकशे एकोणसाठवर थांबला. धाकट्याने मीटरवर टिचकी मारली. आकडा हलला नाही.

"आता करंट बघ."

त्याने चिमट्याचा मीटर एका वायरीला लावला. "तीन अँपिअर."

"एकशे एकोणसाठ भागिले तीन?"

"त्रेपन्न ओहम," तो पुटपुटला. "दुकानातही त्रेपन्नच आला होता. म्हणजे हीटर चांगलाच आहे!"

"हीटर चांगलाच आहे. आता गुणाकार कर."

"चारशे सत्याहत्तर वॉट." त्याचा आवाज उतरला. हजार वॉटच्या हीटरमधून अप्पांना निम्मीही ऊब मिळत नव्हती.

"आणि वाटेत गेलेले एकाहत्तर व्होल्ट? त्या वायरीतूनही तीनच अँपिअर जातायत."

तो ओठांतल्या ओठांत हिशेब करत होता. एकाएकी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दोनशे तेरा वॉट. ताई, ते कुठेतरी जळतायत."

"इथे," अप्पा म्हणाले आणि उशामागच्या भिंतीवर वायरींचा जोड झाकणारी डबी होती, तिच्याकडे बोट दाखवलं. "कधीचा सांगतोय."

धाकटा धावत गेला आणि मेन स्विच बंद करून आला. त्याने डबीचं झाकण काढलं. आतला जोड त्यानेच, खोली आवरायच्या घाईत, नुसता पीळ देऊन केलेला होता. टेप वितळून काळी झाली होती आणि मागची लाकडी पट्टी कोळशासारखी जळाली होती. तिच्याखाली वीतभर अंतरावर अप्पांची उशी होती.

तो पलंगाच्या कडेवर टेकला. "अप्पा, तुम्ही इथे झोपत होतात..."

"वास आला की प्लग काढायचो आणि गारठत पडायचो. तू यायचास तोवर वास गेलेला असायचा. तू आलास तरी आधी प्लगच काढायचास."

"मग भांडला का नाहीत माझ्याशी?"

"भांडलो की. पण वायरीतलं तुला कळतं, ताई शाळेत शिकवते. तुम्ही दोघंही नाही म्हणालात. मग म्हटलं, नसेलच वास." त्यांनी पायाने पलंगाखालची बॅग थोडी पुढे सरकवली. ती भरलेली होती. "तयारी करून ठेवली. तुम्हाला उगाच सांगायला जड जायला नको."

धाकट्याने ती बॅग ओढून मांडीवर घेतली आणि तिच्यावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडायला लागला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण ते बघत होते त्या उघड्या डबीकडे.

"आता येतोय ना?" त्यांनी हळूच विचारलं. "तुम्हालासुद्धा येतोय ना वास?"

"येतोय अप्पा," आम्ही दोघंही म्हणालो.