गोऱ्या साहेबाचं घर

सोलापूरच्या गिरणीत पंचाक्षरी फिटर होता. १९३१ साली विलायतेला परत जाताना तिथल्या गोऱ्या साहेबाने त्याला एक जुनं चित्र दिलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, काळ्या रेघांचं दगडी घर.

त्याच्या बायकोने, महादेवीने, ते पाहिलं आणि पिठाचा हात तसाच गालाला लावला. "अहो, हे तर आमचं मैंदर्गीचं घर की!"

"अगं, विलायतेतलं घर हाय हे. वर धुराडं बघ."

"असू दे की. ती खचलेली पायरी बघा. तितंच बसून आमी हुरडा खायचो."

महादेवीच्या माहेरचं, मैंदर्गीचं ते घर विकून बारा वर्षं झाली होती. पंचाक्षरी हसला, पण त्याने चित्र भिंतीवर लावलं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी महादेवीचा थोरला भाऊ मडिवाळप्पा आला. त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. चहाची बशी हातात धरून तो चित्रासमोर थबकला.

"महादेवी, आपल्या घराला धुराडं कवा बसवलं गं?"

पंचाक्षरीला हसू आवरेना. बहीणभाऊ मात्र कानडीत भांडू लागले. कुठल्या खिडकीतून कोण पडलं होतं, यावर त्यांचं एकमत होईना.

पंचाक्षरी चाळीतच वाढलेला. त्याला आठवायला असं घरच नव्हतं. त्याने हळूच विचारलं, "मग यात माझी खोली कुठली?"

महादेवीने कोपऱ्यातल्या खिडकीवर बोट ठेवलं. "ही जावयाची. हितं सकाळचं ऊन लई छान येतं."