सातवी कैची

पोटमाळ्यावर मुलीसाठी खोली करायची होती. "ती तिरपी फळी मध्येच येते बघा, तेवढी कापून टाका," मालकीणबाई शिडीखालून म्हणाल्या.

सुतार वाकून छपराखाली उभा होता. अकरा वर्षांपूर्वी हेच छप्पर त्यानं आणि त्याच्या मेहुण्यानं चढवायला घेतलं होतं. छपराचा भार पेलणाऱ्या सहा तिकोनी लाकडी कैच्या ओळीनं उभ्या झाल्या, तेव्हा मेहुणा म्हणाला होता, "दाजी, आधी तिरप्या फळ्या मारू, म्हणजे या एकमेकींना धरून राहतील." दोनदा म्हणाला होता. सुताराला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं. "सातवी उभी करू, मग मारू की! फळ्या काय पळून चालल्यात?"

सातवी उचलतानाच वारा सुटला. सगळ्या कैच्या एकीवर एक आडव्या झाल्या. मेहुणा खाली सापडला, तो गेलाच. छप्पर पुढे दुसऱ्या कारागिरानं पुरं केलं. बायकोला सुतारानं एवढंच सांगितलं, वारा आला.

त्यानं फळीवर करवत टेकवली.

"दाजी."

अगदी कानाशी. मागे कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा करवत लावली.

"दाजी, आधी फळ्या."

तो कसाबसा खाली उतरला. "ही कापली तर छप्पर वाऱ्याला टिकायचं नाही. खोली पलीकडे काढून देतो."

मालकीणबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुम्हालाही ऐकू आलं? मुलगी सांगते, वर कुणीतरी दाजी-दाजी करतं. आमच्यात दाजी कुणी कुणाला म्हणतच नाही हो."

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले.

"किती वेळा म्हणाला होता तो?"

"दोनदा."

"आणि मला तुम्ही वारा सांगितलात."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पोटमाळ्यावर चढली. फळीला हात लावून तिनं भावाला हाक मारली, "छोट्या!" बराच वेळ बसून राहिली. शेवटी म्हणाली, "मला नाही येत ऐकू. तुमच्याशीच बोलतोय तो."

काम आठ दिवस चाललं. ती रोज दुपारी डबा घेऊन वर यायची आणि विचारायची, "आज काय म्हणाला?"

"तेच. आधी फळ्या."

"माझ्यासाठी काही?"

काहीतरी रचून सांगणं सोपं होतं. तिचे डोळे बघून जीभ वळवळायची त्याची.

"नाही," तो म्हणायचा.

मग ती डबा उघडून त्याच्यापुढे ठेवायची.