कुंपणापलीकडचं कोपनहेगन

"हे कोपनहेगन," आप्पासाहेब म्हणाले आणि टीव्हीवरचा फोटो बदलला. कालव्याकाठची रंगीत घरं, त्यांच्यापुढं हेल्मेट घातलेले, सायकलवर बसून एक पाय जमिनीला टेकवलेले आप्पासाहेब. बावड्याच्या त्यांच्या घरात शेजारपाजार जमला होता. "गावाबाहेर आमी गाडी लावायचो. गाडी कसली, घरच ते. आत शेगडी, पलंग, समदं. मागं सायकली अडकवलेल्या. सकाळी काढायच्या आन् निघायचं शहर बघायला."

"पर नर्सबाई कुठं दिसंनात त्या," द्वारकाबाईंनी विचारलं.

"ती कशी दिसंल? फोटू तीच काढत हुती की."

माणसं हसली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नर्सबाई, संजीवनीबाई, हसल्या नाहीत.

बावड्याच्या आरोग्य उपकेंद्रावर त्यांची सारी नोकरी सायकलवर झाली होती. पांढरं पातळ, कॅरियरला बांधलेला लसीचा डबा, आणि नीरेकाठच्या वाड्यावस्त्या. अविराजला सायकल त्यांनीच शिकवली. सीट धरून त्याच्यामागं त्या धावल्या होत्या. तोच अविराज जर्मनीतून फोनवर म्हणाला, "आई, या उन्हाळ्यात मोटरहोम घेऊन फिरायचं. शहरं सगळी सायकलवर बघायची. तुझ्यासाठी वेगळी सायकल घेतलीय." बाईंनी बारामतीला जाऊन आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला. उतारवयात कशाला, असं आप्पासाहेब म्हणाले, तरी घेतला.

पहिलं शहर ब्रेमेन. सकाळी अविराजनं सायकली उतरवल्या. मग सून, प्रगती, नात कडेवर घेऊन म्हणाली, "एवढ्या लहान बाळाला सायकलवर बसवायचं नाही म्हणतात, आई. आजच्या दिवस तुम्ही थांबाल?" बाई थांबल्या. अविराजनं त्यांच्या सायकलची सीट पान्यानं वर केली आणि आप्पासाहेबांना बसवलं.

ती सीट पुन्हा खाली आली नाही. ल्युबेकला आप्पासाहेब पडले, गुडघा सोलवटून घेतला. बाईंनी मलमपट्टी केली. दुसऱ्या दिवशी ते परत निघाले.

कोपनहेगनला बाईंनी सकाळीच तो ड्रेस घातला. "आज मी जाते," त्या म्हणाल्या. "दूध पाजून, निजवून जाते. कुणीतरी थांबा तिच्यापाशी."

प्रगतीनं नवऱ्याकडं पाहिलं. अविराज म्हणाला, "आई, इथं उजव्या बाजूनं चालवतात. मागून जोरात येतात लोक. तुला जमायचं नाही. तू आराम कर ना."

बाईंनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि सायकल काढली.

मागं भांडी होती, बाळाचे कपडे होते. गाड्या लावायच्या त्या जागेभोवती झुडपांचं उंच कुंपण होतं. पलीकडच्या वाटेनं सायकली जायच्या. दिसायची ती फक्त डोकी, सरळ रेषेत सरकणारी. एक डोकं पिकलेल्या केसांचं होतं, बाईंपेक्षाही थोरल्या बाईचं. नातीला खांद्यावर थोपटत त्या कितीतरी वेळ तिथंच उभ्या राहिल्या. संध्याकाळी सगळे परतले तेव्हा थालीपिठं तयार होती.

"मी न्हाय काढले फोटू," संजीवनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी कुठलंच शहर बघितलं न्हाय. गाडीपाशी पोरीला घिऊन बसले हुते."

आप्पासाहेबांनी घाईनं दोन फोटो पुढं सारले. "हे बघा, हितनं आमी समुद्रापतुर गेलो," ते म्हणाले. मग पाणी प्यायचं निमित्त करून ते आत आले.

"चारचौघांत सांगायची गरज हुती का?"

"तुमी खोटं बोलला."

"अगं, तुझीच लाज राखली मी. बाई एवढी परदेशात गेली आन् फोटूत न्हाय, लोक काय म्हणतील?"

बाई चहा गाळत राहिल्या.

"आता असं तोंड करू नगं," आप्पासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पुढल्या साली नॉर्वेला न्यायचं म्हणतोय अविराज. दुसऱ्या बाळाचंबी मनात हाय त्यांच्या."

"तुमी जावा."

"म्हंजी?"

"मी यायची न्हाय."

"मग पोरांकडं कोण बघणार?"

बोलून झाल्यावर ते शब्द त्यांच्या त्यांनाच ऐकू आले असावेत. ते फळीवरच्या डब्यांकडं बघू लागले. बाई मात्र त्यांच्याकडंच बघत होत्या, ताप आलेल्या पोराकडं बघावं तशा, शांत.

त्यांनी कप भरले, ट्रेमध्ये मांडले आणि ट्रे नवऱ्याच्या हातात दिला.

"च्या निवतोय," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी या घरात कधी ट्रे धरला नव्हता. ते बाहेर निघाले तसे कप एकमेकांवर किणकिणू लागले. बाईंनी पाट ओढला आणि उरलेला घोटभर चहा भांड्यातूनच पीत त्या खाली बसल्या.