मेळाव्याला गेलेला मेतकुटाचा डबा

मित्रांनो, माझ्या पोटाला दोन पोचे आहेत आणि झाकण जरा तिरकं बसतं. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण लोक तेवढंच बघतात. बाकी मी अस्सल पितळेचा जुना डबा आहे आणि माझ्या अंगाला मेतकुटाचा वास येतो. त्याचा मला अभिमान आहे.

इंदूरच्या एका कसेऱ्याने मला ठोकून घडवलं. बडा गणपतीजवळच्या अरुंधतीबाईंनी नव्या संसारासाठी मला विकत आणलं, तेव्हापासून घरचं मेतकूट माझ्यातच राहायचं. डाळी, तांदूळ, गहू खमंग भाजून, हळद-हिंग घालून दळायचं आणि माझ्यात भरायचं. पाहुणे गरम भातावर ते पाहून विचारायचे, "भाभीजी, ये पीला-पीला क्या है?" आणि मग भात मागून घ्यायचे. काय थाट होता माझा! पुढे रंगीत प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मोडक्या कूलरशेजारी मी काळा पडत बसलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझे दिवस फिरले ते पूर्वामुळे. पूर्वा म्हणजे अरुंधतीबाईंची सून. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजातली नोकरी सोडून तिने सासूबाईंच्या हाताखाली मेतकूट शिकून घेतलं आणि ते विकायला काढलं. पण शेजारच्या दोन-चार घरांपलीकडे गाडी सरकेना. तेवढ्यात कॉलेजातून निरोप आला, सोमवारपासून परत यायचं असेल तर जागा आहे. त्याच आठवड्यात तुकोगंजच्या एका हॉटेलात नव्या उद्योजकांचा मेळावा होता. पूर्वाने ठरवलं, तिथे एक तरी मोठं गिऱ्हाईक मिळालं तर धंदा चालू ठेवायचा, नाहीतर सोमवारी मुकाट कॉलेजात जायचं.

ती निघण्याआधी अरुंधतीबाईंनी मला माळ्यावरून उतरवलं, चिंच लावून लख्ख घासलं, ताजं मेतकूट भरलं आणि तिच्या पिशवीत ठेवलं.

"आई, तिकडे सगळे लॅपटॉप घेऊन येतात. दोन पुड्या नेते ना, डबा अच्छा नहीं लगता."

"पुडीतून वास येत नाही. ने गुपचूप."

हॉलमध्ये सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पट्ट्या होत्या आणि हातात कार्डं. पूर्वाने कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि मला पिशवीसकट खाली सरकवलं. मनीष नावाचा एक मोबाइल अ‍ॅपवाला आला. "मॅडम, आप क्या करती हैं?"

"कुछ खास नहीं. घर पे ही थोड़ा-बहुत बनाती हूँ."

"अच्छा, बढ़िया," म्हणून तो पुढे गेला. त्याच्यामागून आलेल्यांनाही तिने तेच ऐकवलं. आपलीच वस्तू आपल्या तोंडाने कशी वाखाणायची, हे आमच्या घरचं वळण. पंगतीत ते शोभतं, पण इथे माणसं हातची चालली होती. खाली मी नुसता चरफडत होतो. अगं बाई, सांग की, पहाटे उठून डाळी भाजतेस ते!

शेवटी वाचवलं ते पद्मजाताईंच्या गुडघ्यांनी. या बाई राऊला मुलींचं हॉस्टेल चालवतात. उभं राहून पाय दुखले म्हणून त्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांचा पाय पिशवीला लागला. मी खणखणत बाहेर आलो. झाकण थोडं सरकलं आणि वास पसरला.

"मेतकूट? इथे?" त्यांनी मला उचललं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. "कोणी केलंय?"

"काही नाही ताई, घरचंच आहे."

"घरचं आहे ते कळलं. विकतेस का?"

पूर्वाने माझ्याकडे पाहिलं. मग ती ताठ बसली आणि म्हणाली, "विकते. मीच करते. आणि चांगलं करते."

"असं बोल ना. हॉस्टेलच्या पोरींना चाखवते. डबा नेऊ?"

मी राऊला गेलो. पोरी भलत्या नखरेल, पण पहिल्याच जेवणात त्यांनी मला ताटापाशी ओढलं, आणि शेवटी तर बोटाने तळ पुसून खाल्ला. इतकं कौतुक कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तरी जीव रमेना. सोमवार जवळ येत होता आणि ताईंनी फोन काही केला नव्हता.

रविवारी दुपारी त्या मला घेऊन बडा गणपतीला आल्या. दारातूनच मला दिसलं, खुंटीवर कॉलेजला घालायचा कुर्ता इस्त्री करून टांगलेला होता. पूर्वाने मला हातात घेतलं, झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पडला. मी रिकामा होतो. आपल्याकडे गेलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिला वाटलं, संपलं सगळं.

"रीत मलाही ठाऊक आहे," पद्मजाताई म्हणाल्या. "पण मी डबा परत करायला नाही आले. भरून न्यायला आले. आता दर आठवड्याला लागेल, साठ पोरींना पुरेल एवढं. जमेल?"

पूर्वाने एकदा खुंटीकडे पाहिलं. "जमेल, ताई," ती म्हणाली. अरुंधतीबाईंनी तो कुर्ता उतरवला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला.

मित्रांनो, मी सगळ्यांचा ऋणी आहे. मला घासणाऱ्या हातांचा, मला नेणाऱ्या पोरीचा आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांचासुद्धा. तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद काळा पडत बसला असेल. त्याला खाली उतरवा, घासा, भरा. आणि तुमच्या हातचं काही चांगलं असेल, तर ते खुर्चीखाली सरकवू नका. मांडीवर घ्या आणि झाकण उघडा.