मेणबत्ती विझेपर्यंत चालणारी मोटर

रिमोटच्या खेळण्यांच्या ओकितांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते कसलीतरी तार जोडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वेग हवा, ताकद हवी, की वेळ हवा?"

"तिन्ही," मी म्हणालो.

"तिन्ही देणारी मोटर असती तर मी या गल्लीत बसलो असतो का? एक सांगा."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणालो, "वेळ. एक मेणबत्ती जळून संपायला लागतो तेवढा."

तेव्हा त्यांनी तार खाली ठेवली आणि चष्मा कपाळावर सारला.

माझी बायको सुमिए गेल्या नोव्हेंबरात गेली. त्यामुळे या ऑगस्टचं बोन तिचं पहिलं. बोन म्हणजे पितरांचा सण. तेव्हा गेलेली माणसं तीन दिवस घरी येतात आणि सोळा तारखेला संध्याकाळी त्यांना कागदी कंदिलात बसवून समुद्रावर निरोप देतात. पूर्वी हे चंद्राच्या तिथीने व्हायचं, आणि ओहोटी लागेपर्यंत कोणी कंदील सोडायचं नाही. आता तारीखही ठरलेली आणि वेळही, सात वाजता. भरती असली तरी सातलाच. मग कंदील थोडे पुढे जातात, वळतात, आणि धक्क्याजवळ कचरा अडवायला लावलेल्या जाळ्यात येऊन साचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांचं मंडळ लांब दांड्यांनी ते उपसून काढतं. सुमिए फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर होती, आणि या मंडळातही.

गेल्या ऑगस्टात ती उपसायला गेली होती. डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलेलं, तरी गेली. परत आल्यावर पायरीवर बसली आणि पायातले बूट काढता काढता म्हणाली, "पुढच्या वर्षी मला असं काकड्या-वांग्यांबरोबर उपसू देऊ नका हं. बंदराच्या भिंतीपलीकडे तरी सोडा." पितरांना यायला काकडीचा घोडा आणि जायला वांग्याची गाय करतात. तीही कंदिलांच्या सोबत पाण्यात येतात, आणि सकाळपर्यंत मऊ पडतात.

मी "हं" म्हणालो. तेवढंच म्हणालो.

मच्छीमार संघात विचारायला गेलो तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "भिंतीबाहेर न्या हवा तर, पण परत आणा. समुद्रात कागद राहता कामा नये." मी घरी येऊन विचार करत बसलो. परत आणला तर ती परतच आली की. यावर सुमिएच्या थोरल्या बहिणीने तोड काढली. नाएको-नेसान, म्हणजे नाएकोताई, चौऱ्याहत्तरची आहे आणि तिला सगळ्याचं उत्तर येतं.

"आमची आई सांगायची, ज्योत आहे तोवर माणूस आत बसलेलं असतं. ज्योत विझली की उरतो तो कागद. कागद आणा खुशाल परत."

"म्हणजे ज्योत विझेपर्यंत बाहेर धरून ठेवायचा? भरतीत?"

"शिगेतो-सान, अडतीस वर्षं तुम्ही सहाशे टनांची फेरी चालवलीत. एक कागद तासभर धरवत नाही?"

म्हणून नाव बांधायची ठरवली. दूरनियंत्रित नावा मी कधी केल्या नव्हत्या, पण लाकूड आणि पाणी माहीत होतं. देवदाराच्या पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवून नव्वद सेंटिमीटरची ओढबोट, म्हणजे टग, केली, रुंद आणि बुटकी. वसंत त्यात गेला. मी स्वयंपाकघरातच झोपायचो, नावेशेजारी. एकदा झोपेत मी तिच्या आत होतो, अगदी लहान होऊन. कानाशी फळ्यांच्या पलीकडे पाणी चाललं होतं आणि डोक्यावर कोणीतरी सपाता घालून हळू फिरत होतं. मी वर हाक मारणार तेवढ्यात जागा झालो. फ्रिज घुंघुं करत होता. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो, कारण तो आवाज बंद झाला की पुन्हा झोप लागेल आणि पाऊल ऐकू येईल असं वाटत होतं.

मेणबत्त्या मी आधीच जाळून पाहिल्या होत्या. बावन्न मिनिटं, पंचावन्न, एकोणपन्नास. साठ धरली. भरतीचा वेग मोजायला भिंतीच्या टोकावरून एक उन्हाळी संत्रं पाण्यात टाकलं आणि त्याच्या बरोबरीने चालत गेलो. दहा मीटरला चोवीस सेकंद. मग त्याच वेगाने धक्क्याच्या कडेने नाव दोरीने ओढली. दोरीला मासे तोलायचा काटा लावला होता. नव्वद ग्रॅम. कंदिलाला वारा लागेल म्हणून तिप्पट धरले. हे सगळं कागदावर लिहून मी ओकितांकडे गेलो होतो.

त्यांनी तो कागद, वर लिहिलेल्या मोरिवाकी या माझ्या आडनावापासून, दोनदा वाचला. मग काउंटरवर तीन मोटरी मांडल्या.

पहिली चांदीच्या रंगाची, अंगठ्याएवढी. "हा काकडीचा घोडा. शर्यतीचा. पंखा इतका फिरवेल की पाण्याचा फेस होईल, आणि वीस मिनिटांत बॅटरी पिऊन टाकेल." तिसरी त्यांनी धुळीतून काढली होती. लांबट, जाड, पुढे गिअरचा डबा. "ही वांग्याची गाय. अकरा वर्षं पडून आहे, कोणी नेत नाही. मोटर तीन वेळा फिरेल तेव्हा पंखा एकदा. पितर येतात घोड्यावर, लवकर यावेत म्हणून. जातात गाईवर, हळू जावेत म्हणून. तुमचं काम जाण्याचं आहे ना? गाय घ्या."

"आणि ही मधली?"

"ती गाडीची. ताकदवान. तापते."

मी मधली घेतली. मी फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होतो, आणि तिथे एक सवय लागते. जेवढी ताकद लागेल त्याच्या दुप्पट हाताशी असावी. घरी न्हाणीघराच्या टबात नाव नळाला बांधून चालवली, मध्ये मासे तोलायचा काटा. अठ्ठावीस मिनिटांत काटा खाली आला. भिंतीवर पाणी उडालं होतं, आणि मोटरला बोट लावलं तर चटका बसला.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर ती ठेवली. ओकितांनी गाय पुढे सरकवली.

"तुम्ही हसणार नाही?" मी म्हणालो.

"संध्याकाळी हसेन. गिऱ्हाईकासमोर बरं दिसत नाही."

गाय खरंच गाय होती. सोबत पितळेचा तीन पात्यांचा मोठा पंखा, आणि हळू वेगातही झटके न देणारा कंट्रोलर, मागे जायची सोय असलेला. बॅटरी शिशाची घेतली, सहा व्होल्टची. ती जड होती, पण नावेला तळाशी वजन लागतंच. आवाजासाठी मोटरखाली रबर घातलं. टबाशेजारी दिवा मंद करून बसलो. नाव नळाला बांधलेली, काटा तीनशे ग्रॅमवर थांबलेला, आणि आवाज जवळजवळ नाहीच. पाण्यावरची सुरकुती तेवढी टबाच्या कडेपर्यंत जाऊन परत येत होती. दीड तास झाला तरी काटा हलला नव्हता. मी मध्ये डोळे मिटले होते बहुधा. पाणी कधी गार झालं कळलं नाही.

ओकितांचं मंडळ रविवारी शेतातल्या तळ्यावर नावा सोडतं. जुलैत मी माझी नेली. साठ मीटर गेली आणि थांबली. सिग्नल तुटला की मोटर बंद, हे ओकितांनीच बसवून दिलं होतं. दोर टाकून परत ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच थांबली. भिंतीच्या टोकावरून मला दीडशे मीटर हवे होते.

ओकितांनी झाकण उघडून आत पाहिलं. "रिसीव्हर कुठाय?"

"खाली. बॅटरीशेजारी."

"पाण्याच्या पातळीखाली?"

"यंत्र म्हणजे खालीच असणार."

ते गवतावर बसले आणि इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "अहो मोरिवाकी-सान, रेडिओला पाण्यातून ऐकू येत नाही! तुम्ही त्यालाही इंजिनखोलीत नेऊन बसवलंत. कान वर काढा त्याचा, वर!"

जगात दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. रिसीव्हर वर नेला आणि त्याची तार कंदिलाच्या खांबाला उभी बांधली. मग नाव तळ्याच्या पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. तिथे एक बगळा उभा होता. तो उडालासुद्धा नाही.

सोळाला वारा कमी होता. भरती पावणेसहालाच लागली होती. कंदिलावर सुमिएचं नाव नेसानने ब्रशने लिहिलं. सात वाजता धक्क्यावरून सगळ्यांचे कंदील सुटले, आणि आम्ही तिघं भिंतीच्या टोकावर गेलो. मी, ओकिता आणि घडीची खुर्ची घेऊन नेसान. मी मेणबत्ती लावली, ओकितांनी पायऱ्या उतरून नाव पाण्यात ठेवली.

ती गेली. टोकाला वळसा घालताना भरतीने तिला आडवं ढकललं. मी सुकाणू थोडं दिलं, मोटर थोडी वाढवली, आणि ती सरळ झाली. ऐंशी मीटर. शंभर. दीडशेवर मी तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, भरतीसमोर धरली आणि वेग इतका कमी केला की ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. मागे बंदरात बाकीचे कंदील वळायला लागले होते.

"आता?" नेसान म्हणाली.

"आता काही नाही. धरून ठेवायचं."

"मासे तरी पकडता आले असते एवढ्या वेळात."

"गळ नावेलाच बांधू का?" ओकिता म्हणाले.

"बांधा. सुमिएला मासे आवडायचे."

आकाशाचा रंग गेला आणि समुद्राचा राहिला, मग तोही गेला. शेवटी तो एक पिवळा ठिपका उरला. बघता बघता मला तो कधी जवळ वाटायचा, कधी फार लांब, आणि कधी वाटायचं तो तिथेच आहे आणि आम्ही भिंतीसकट मागे सरकतोय. अंगठा आपोआप चालत होता. फेरीवरच्या पाळीत असं व्हायचं. तासाभराने कळायचं की आपण तासभर नव्हतोच.

"तुमची फेरी सुटली की ती खिडकी सोडून बाहेर यायची," नेसान म्हणाली. "हात करायची."

"मी खाली असायचो. मला कसं दिसणार?"

"मीही तिला तेच म्हणायचे, की बाई, तो तळघरात आहे. ती म्हणायची, असू दे."

"रोज?"

"मी असायचे त्या दिवशी तरी. मी काय रोज असायचे?"

मी मोजायला लागलो होतो, दिवसाला चार फेऱ्या, आणि मग मोजणं सोडलं, कारण नाव डावीकडे वाहायला लागली होती. परत सरळ केली.

"एक्कावन्न मिनिटं," ओकिता म्हणाले.

ठिपका लाल झाला. लहान झाला. एकदा उंच झाला, जणू कोणी उठून उभं राहिलं. मग नव्हता.

नेसानने हात जोडले. मी जोडू शकलो नाही, हातात रिमोट होता.

"आता वळवा," ओकिता हळूच म्हणाले.

मी समोर बघितलं. काळं पाणी. ज्योतीशिवाय नावेवर दुसरा दिवा मी लावलाच नव्हता. मोटर निवडली, गिअर निवडला, पंखा, बॅटरी, मेणबत्तीचा मिनिटांचा हिशेब, सगळं केलं. बाहेर अंधार असेल हे मनात आलं नाही. अडतीस वर्षांत मला खालून बाहेर बघावं लागलं नव्हतं. आवाजही इतका कमी केला होता की कान देऊन काही उपयोग नव्हता.

"दिसतेय का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही."

"नाळ कुठल्या बाजूला आहे आता?"

"मला काय माहीत? चालतीय अजून?"

"चालतीय. मी अजून पुढे दाबून आहे."

नेसान खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आली. "शिगेतो-सान, ती गेली," ती म्हणाली. "आता कुणासाठी धरून ठेवताय?"

अंगठा काढायला मला वेळ लागला. किती ते सांगता येणार नाही. ओकितांनी घड्याळ पाहिलं नाही. मग मी रिमोटची काडी मधल्या जागी येऊ दिली. दीडशे मीटरवर मोटर थांबली असणार. भरती अजून चढत होती. आता जे करायचं ते तीच करणार होती.

आम्ही पायऱ्यांवर बसून राहिलो. सातेक मिनिटांनी खाली दगडाला लाकूड लागल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा. ओकिता मोबाइलचा उजेड पाडत खाली उतरले आणि नाव दोन्ही हातांनी उचलून वर घेऊन आले. कंदिलाचा कागद ओला झाला नव्हता. ओकितांनी बॅटरीला मीटर लावला. "निम्मी शिल्लक आहे. अजून तासभर चालली असती."

मी झाकण काढलं आणि मोटरवर तळवा ठेवला. पाळी संपली की आम्ही असंच करायचो. यंत्र किती तापलंय ते हाताने बघायचं आणि मगच वर जायचं. ती कोमट होती, उन्हात ठेवलेल्या ताटलीसारखी.

"चला ना," नेसान म्हणाली. "डास चावताहेत."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. ती गार होईपर्यंत मी हात तिथेच ठेवला.